खडूची सही

विद्यापीठाच्या स्मरणिका समितीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. पहिल्या कुलगुरूंवर दोनशे शब्द लिहून द्यावेत, मजकूर प्रेरणादायी असावा आणि ‘जुने वाद टाळावेत’, अशी विनंती आहे. नमुना म्हणून दुसऱ्या कुलगुरूंवरचे दोनशे शब्द सोबत जोडले आहेत. त्यातलं नाव खोडून तिथे कोणाचंही नाव घातलं तरी पुढचं एक अक्षर बदलावं लागणार नाही. दूरदृष्टी आहे, कर्तव्यनिष्ठा आहे, विद्यार्थ्यांवरचं पोटच्या पोरांसारखं प्रेम आहे. मुलींच्या वसतिगृहाचा उल्लेख कुठेच नाही.

मी तिथली पहिली ग्रंथपाल. आता निवृत्त आहे, त्यामुळे मला विनंती करता येते, हुकूम सोडता येत नाही. देवराव निकोडे दोनशे शब्दांत मावलेही असते, कारण ते बोलायचेच कमी. पण वाद टाळून त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे पाण्याचं नाव न काढता विहिरीविषयी लिहायचं. समितीला मी नकार कळवला. राग कळवायचा राहिला होता, तो इथे लिहिते.

आदिलाबादला तंत्र विद्यापीठ मंजूर झालं तेव्हा कुलगुरुपदासाठी हैदराबादेत रांग लागली होती म्हणतात. विद्यापीठ खरोखरच आदिलाबादला असणार आणि कुलगुरूंना तिथे राहावंही लागणार, हे कळल्यावर रांग मोडली. उरले निकोडे सर. तलमडुगुकडच्या एका खेड्यात वांगी-टमाटे पिकवणाऱ्या घरचे. घरात मराठी, शाळेत तेलुगू, पुढे खाणकामाची इंजिनिअरिंग. उमेदीची सगळी वर्षं बेल्लमपल्लीच्या बाजूला कोळशाच्या खाणीत, मग काही काळ कॉलेजात शिकवणं. आदिलाबादला पाठवणं ही शिक्षा आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण ते घरी येत होते.

दिसायला बुटके, काळेसावळे. सुरुंगांच्या आवाजाने डावा कान गेलेला, म्हणून समोरच्याकडे उजवा कान करून उभे राहायचे. नवख्याला वाटे, साहेबांनी तोंड फिरवलं. हातात कायम एक बांबूची काठी, टोकाला लोखंडी टोपण बसवलेली. पांढऱ्या शर्टाच्या खिशात खडूचे दोन-तीन तुकडे. त्यामुळे शर्ट निळा घातला की खिसा पांढरा दिसायचा. कुलगुरूंच्या खिशात काय असावं याबद्दल लोकांच्या काही कल्पना असतात. खडू त्यात नसतो.

आले तेही बसने. रजिस्ट्रार साहेब चार गाड्या घेऊन गावाच्या वेशीवर हार धरून उभे होते. ते उभेच राहिले, आणि हे बसस्टँडवर उतरून, रस्ता विचारत, चालत मार्केट यार्डात पोचले. विद्यापीठ तेव्हा यार्डातल्या एका जुन्या कापसाच्या गोदामात होतं. मी पायरीवर पुस्तकांची खोकी उघडत होते. त्यांनी आधी भिंत ठोकली, मग दाराची चौकट, मग उजवा कान लावून ऐकलं आणि मला म्हणाले, “ताई, गोदाम चांगलं आहे. जुन्या लोकानं बांधलं दिसते.”

“आपण कोण?” मी विचारलं.

“मी निकोडे. इथं कामाला लागलो आजपासून.”

स्वागत समारंभाला फळ्या जोडून मंच उभारला होता. निकोडे सरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, ठिकठिकाणी काठी ठोकली आणि रजिस्ट्रार साहेबांना विचारलं, “किती लोक बसवता?”

“उन्नीस, सर.” रजिस्ट्रार साहेब मूळ वरंगळकडचे, तेलुगू माणूस. आमच्याशी हिंदीत बोलायचे. “सबके नाम छप गए हैं.”

“आठ बसवा.”

“लेकिन सर, नाम छप गए हैं.”

“छपले असतील. फळीले वाचता येत नाई.”

मग कोणते आठ, यावर पाऊण तास गेला. शेवटी निकोडे सर स्वतः खाली सतरंजीवर जाऊन बसले, तेव्हा आणखी दहा जणांना नाइलाजाने खाली यावं लागलं. वर राहिलेले आठ जण पूर्ण समारंभभर एकमेकांपासून अंतर राखून, अंग चोरून बसले होते. सत्काराचं एवढं अवघडलेपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मला त्या दिवशी मजा वाटली. त्या दहांपैकी निदान तिघे पुढे चौकशी समितीच्या आसपास वावरताना दिसले, तेव्हा वाटली नाही.

ती काठी आणि तो खडू यांचा अर्थ मला हळूहळू कळला. माझ्या पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या त्यांनी एकेक करून ठोकल्या, दोन भिंतीला बांधायला लावल्या, बांधून झाल्यावर पुन्हा येऊन ठोकल्या आणि प्रत्येकीच्या कडेला खडूने लिहिलं: ‘दे. नि.’ आणि खाली तारीख.

“हे काय, सर?”

“खाणीतली आदत आहे, ताई. खाणीत छत बोलते. पण आपल्या बोलीत नाई बोलत, काठीनं विचारा लागते. टण्ण आवाज आला तं खुशाल खाली बसून डबा खा. भद्द आला तं मांगं फिरा. पाळी सुरू व्हायच्या आंधी सरदार, म्हंजे पाळीचा मुकादम, सगळ्या जागा ठोकून पाह्यते आन् तिथंच खडूनं नाव-तारीख टाकते. मंग बाहीर येऊन वहीत लिह्यते. वही खाणीच्या तोंडाशी टांगलेली राह्यते. मजूर वाचते, मंगच उतरते.”

“आणि सही न करता उतरलं तर?”

“सही न पाह्यता कोणी उतरत नाई. पण न जाता सही करनारे असतात.” एवढं बोलून ते थांबले. काही महिन्यांनी पुढचं सांगितलं. एका खाणीत, कोणत्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, एका सरदाराने वर कँटीनमध्ये बसूनच वही भरली होती. दोघे परत आले नाहीत. “तो वाईट मानूस नव्हता,” सर म्हणाले. “घाईत होता. सही म्हंजे ‘मी सोता तिथं गेलो होतो’. तिचा दुसरा काई अर्थ नाई, ताई.”

तर अशी एक वही त्यांनी विद्यापीठाच्या फाटकाला टांगली. जाड पुठ्ठ्याची, सुतळीने खिळ्याला बांधलेली. रोज सकाळी फेरी मारून आले की त्यात लिहायचे: प्रयोगशाळेत पाण्याची गळती, पाहिली. उत्तरेच्या खोलीत वायर उघडी, पाहिली, बंद केली. ज्याला वाचायची त्याने वाचावी. विद्यार्थी वाचायचे, पहारेकरी वाचायचा, शेळ्या घेऊन जाणारी बाईही उभी राहून पोरांकडून वाचून घ्यायची. रजिस्ट्रार साहेब वाचायचे नाहीत. जे फाटकाला टांगलं आहे ते अधिकाऱ्याने वाचायचं नसतं, अधिकाऱ्याने फाइल वाचायची असते. आमच्याकडच्या जुन्या निजामी भाषेत तिला अजून मिसल म्हणतात. मिसलीत नाही ते घडलेलं नाही. हे निकोडे सरांना माहीत नव्हतं. जे सगळ्यांना वाचता येतं ते वेगळं कोणाला कळवायची गरज नाही, असं ते खाणीतला माणूस म्हणून समजून चालले होते. इतक्या हुशार माणसाची इतकी साधी चूक मला तेव्हा दिसली नाही, आणि मी तर आयुष्यभर शिक्के मारत आले होते.

वही भरली की ती माझ्याकडे आणायचे. “ताई, हे पुस्तक आहे. दाखल करून घ्या.” मी दाखल क्रमांक घालायची, ग्रंथालयाचा शिक्का मारायची आणि कपाटात ठेवायची. विषय कोणता लिहायचा हा प्रश्न पडायचा. मी ‘संकीर्ण’ लिहीत असे.

त्यांचा राग कसा असायचा याची एकच आठवण सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगवह्या ते चाळत होते. एका मुलाने पाण्याचं तापमान मोठं व्यवस्थित, दशांशापर्यंत लिहिलं होतं. शेजारी अध्यापकांची सही.

“काऊन रे,” सर त्या मुलाला म्हणाले, “हे तू पाह्यलं?”

“हो, सर.”

“कोनत्या थर्मामीटरवर? तो तं मी वहीत लिह्यलेला आहे. फुटून राह्यला तिथं कवाचा.”

मुलगा खाली पाहू लागला. त्याने आकडे गेल्या वर्षीच्या मुलाचे उतरवले होते. गेल्या वर्षीच्याने कोणाचे, ते देव जाणे. आमच्याकडे ही रीत आहे, आणि फक्त आमच्याकडे नाही. मला वाटलं, पोराचं वर्ष जाणार. सर मुलाला काही बोलले नाहीत. त्यांनी अध्यापकांना बोलावलं, नवा थर्मामीटर हातात दिला आणि दोघांना शेजारी स्टुलांवर बसवून पाणी उकळेपर्यंत समोर उभे राहिले. त्या अध्यापकांनी पुढे बदली करून घेतली. जाताना मला म्हणाले, “मॅडम, यांनी माझा अपमान केला.” मी म्हणाले, “त्यांनी तुमच्याकडून प्रयोग करून घेतला.” ते म्हणाले, “तेच तर.”

आता वसतिगृहाकडे येते, कारण उशीर करून काही उपयोग नाही.

विद्यापीठाला गावाबाहेर जमीन मिळाली होती. रस्त्याला लागून काळी कापसाची जमीन, आणि तिच्यामागे दोनशे पावलांवर मुरमाचा उंचवटा. इमारती उंचवट्यावर बांधायच्या असं ठरलं होतं. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की वासराचा पाय आत जातो. तिच्यावर घर बांधू नये हे आमच्याकडे वांगी विकणाऱ्या बाईलाही माहीत असतं. पण मुलींच्या वसतिगृहाचं भूमिपूजन ठरलं आणि पाहुण्यांची गाडी त्या मुरमाच्या चढावर चढेना. पाहुणे उतरून चालायला तयार होते की नाही, ते त्यांना कोणी विचारलं नाही. घाईघाईने कोनशिला खाली, रस्त्याच्या कडेला, काळ्या जमिनीत बसवली गेली. आणि मोठ्या माणसाच्या हातची शिला हलवायची कशी? म्हणून इमारत शिलेपाशी आली. हे सगळं निकोडे सर यायच्या आधी झालं होतं, पाया भरून वर माती लोटूनही झाली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कुलगुरूंचा बंगला तेवढा मागे मुरमावर उभा राहिला, कारण त्याचं भूमिपूजन करायला कोणी आलं नव्हतं.

दोन उन्हाळे गेले. वसतिगृह वर आलं, प्लास्टर झालं, गुलाबी रंग लागला. मुली तोवर गावातल्या एका फंक्शन हॉलमध्ये राहत होत्या. लग्नाची तारीख असली की त्यांनी सामान मागच्या स्वयंपाकघरात रचायचं, दिवसभर माझ्या ग्रंथालयात बसायचं, आणि वऱ्हाड गेलं की अक्षता झाडून पुन्हा गाद्या पसरायच्या. नवीन इमारतीकडे त्या रोज डोळे लावून होत्या. आणि निकोडे सर तिच्या भिंती ठोकून रोज वहीत एकच ओळ लिहीत होते: ‘पूर्वेचा जिना, भद्द.’

पूर्वेच्या भिंतीला तडे होते. कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणाला, प्लास्टरला येतात, सर, नवीन आहे. सरांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचेच्या पट्ट्या मागवल्या आणि तड्यांवर आडव्या, दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवल्या. भिंत केसभर हलली तरी काच तुटते. प्लास्टर खोटं बोलू शकतं, काच नाही. महिन्याभरात पट्ट्या तुटल्या. मग त्यांनी स्वतः उभं राहून पायाशेजारी खड्डा खणून घेतला. पाया काळ्या मातीतच संपला होता. मुरूम त्याच्याखाली आणखी हातभर होता. एका हाताने चुकला होता.

ताबा घेतल्याच्या कागदावर सरांनी सही केली नाही.

यावर सगळ्यात आधी चिडली ती सविता. बेज्जूरकडच्या, प्राणहितेजवळच्या एका खेड्यातून आलेली, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. सरांच्या फेरीत काचा लावायला मदत तीच करायची. एक दिवस ग्रंथालयात, सगळ्यांसमोर, ती सरांना म्हणाली, “सर, त्या भिंतीले तडा आहे म्हनून आमाले तिथं राहू देत नाई. ठीक आहे. परवा आमच्या खोलीत नवरीले हळद लावली. माझ्या गादीवर. आमी काऊन शिकून राह्यलो इथं?”

सरांनी उजवा कान तिच्याकडे केलेला होता. म्हणाले, “खरं आहे तुझं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा बंगला मुलींना दिला आणि आपण कार्यशाळेच्या मागच्या साहित्याच्या खोलीत राहायला गेले. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला काठी. रजिस्ट्रार साहेबांच्या चेहऱ्यावरचा धक्का मी पाहिला आहे. वसतिगृहाचा पाया मुरमाला टेकत नाही हे ऐकताना तो तिथे नव्हता.

“सर, व्हीसी के बंगले में लडकियाँ? लोग क्या बोलेंगे?”

“म्हनतील, पोरी चांगल्या घरात राह्यतात.”

बंगल्यात मुली दाटीवाटीने राहिल्या. पण लग्नाला उठायला लागत नव्हतं. तेवढे सात-आठ महिने त्या विद्यापीठात माणसं राहत होती असं म्हणता येईल.

मग उद्घाटनाची तारीख आली. वसतिगृहाचंच. पाहुणे ठरले, पत्रिका छापल्या, आणि रजिस्ट्रार साहेब कागद घेऊन कार्यशाळेच्या मागे गेले. मी तिथेच होते, भरलेली वही घ्यायला.

“सर, एक दस्तखतही तो है. बाद में रिपेअर करा लेंगे.”

“मी आत राहू देनार नाई, तं सही कायची करू?”

“आप छुट्टी पे चले जाइए सर, दो दिन. हम संभाल लेते.” हे ते कळवळून म्हणाले. वाईट माणूस नव्हते तेही. घाईत होते.

सर रजेवर गेले नाहीत. उद्घाटनाच्या सकाळी मंडप, बँड, फुगे, सगळं होतं. आणि वसतिगृहाच्या दारात दोन बांबू एकमेकांवर तिरपे बांधलेले होते, फुलीसारखे. भिंतीवर खडूने मोठी फुली, खाली ‘दे. नि.’ आणि तारीख. बांबूंच्या पुढ्यात, खुर्चीवर, निकोडे सर.

पाहुणे आले. फुली पाहिली. “ये क्या है?”

सर उठून उभे राहिले, नमस्कार केला. “साहेब, खाणीत असं लावलं की आत कोनी जात नाई. मालकही नाई. मी ठोकून पाह्यलं आहे.”

पाहुणे हुशार होते. त्यांनी एकदा गुलाबी भिंतीकडे वर पाहिलं, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने दोन पावलं मागे सरले. बाकीचेही सरले. मग हलक्या आवाजात सूचना गेल्या, मंडपाच्या दोन खांबांना फीत बांधली गेली, ती कापली गेली, टाळ्या झाल्या, लाडू वाटले. इमारतीचं उद्घाटन इमारतीकडे पाठ करून पार पडलं. ज्यांना त्या छताखाली दहा मिनिटं उभं राहायचं धाडस नव्हतं, त्यांनी भाषणात सांगितलं की आपल्या लेकी आता इथे सुरक्षित राहतील. मी तो फोटो जपून ठेवला आहे. त्यात सगळे हसत आहेत आणि मागे, खांद्यांच्या फटीतून, फुलीचं एक टोक दिसतं.

पंधरवड्यात सरांना ‘प्रशासकीय कारणास्तव’ मोकळं केलं गेलं. कार्यभार रजिस्ट्रार साहेबांकडे. त्यांनी त्याच दुपारी ताब्याच्या कागदावर सही केली. बांबू निघाले, भिंतीवर रंगाचा नवा हात फिरला, फाटकावरची वही खिळ्यासकट गेली. बंगला पुढच्या कुलगुरूंसाठी रिकामा हवा होता, म्हणून मुलींना वसतिगृहात हलवलं गेलं.

जाताना सरांनी सविताला काचेच्या पट्ट्यांचा डबा दिला. “तड्यावर लावत जाय. तुटल्या तं कोनाले विचारू नको. कागद लिहू नको. पोरी घे आन् निंगून ये.”

तिने लावल्या. कपड्यांमागे, कॅलेंडरमागे, वॉर्डनला दिसणार नाहीत अशा. पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात, एका सकाळी, पूर्वेच्या जिन्यापाशी सगळ्या पट्ट्या एकाच वेळी तुटलेल्या सापडल्या. सविताने कोणाला विचारलं नाही. मुली पश्चिमेच्या जिन्याने पेट्या घेऊन उतरल्या आणि रांगेने ग्रंथालयात येऊन बसल्या; ग्रंथालय तोवर गोदामातून मुरमाच्या उंचवट्यावर आलं होतं. वॉर्डनबाई मागोमाग ओरडत आल्या, नावं लिहून घेतली, घरी पत्र पाठवीन म्हणाल्या. ती नावं लिहून होत होती तेव्हा पूर्वेचा जिना दोन मजल्यांसह खाली आला. आवाज आमच्यापर्यंत आला. वॉर्डनबाईंच्या हातातला पेन तसाच राहिला.

चौकशी अहवालात लिहिलं आहे की ‘सुदैवाने जीवितहानी टळली’. सुदैव नव्हे. काच होती, आणि ती लावणारी पोर होती, आणि तिला शिकवणारा माणूस होता. अहवालात तिघांपैकी कोणी नाही. चुकलं, एक आहे. ‘इमारतीचे बांधकाम तत्कालीन कुलगुरू श्री. निकोडे यांच्या कार्यकाळात पूर्ण झाले. त्यांनी कोणतीही लेखी हरकत नोंदवल्याचे अभिलेखात आढळत नाही.’

मी चौकशी समितीसमोर वह्या घेऊन गेले होते. तीन जाड वह्या, आणि शेवटच्या वहीत रोजची तीच ओळ: पूर्वेचा जिना, भद्द. समितीतल्या गृहस्थांनी पानं उलटली, आवक क्रमांक शोधला, तो नव्हता. मग माझा शिक्का दिसला.

“मॅडम, यह तो लायब्ररी की किताब है.”

“हो.”

“किताब इश्यू हो सकती है, मॅडम. सबूत नहीं हो सकती.” आणि त्यांनी ती मला परत केली, काळजीपूर्वक, दोन्ही हातांनी.

मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात निकोडे सर बसले होते. त्यांनाही बोलावलं होतं. पायजमा, निळा शर्ट, पांढरा खिसा, गुडघ्यांत काठी. मी त्यांना वह्यांचं काय झालं ते सांगितलं. मी रडवेली झाले होते, रागाने. त्यांनी ऐकून घेतलं.

“आवक नंबर टाकाले पाह्यजे होता का?” त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

“हो, सर.”

“मले वाटलं, फाटकावर आहे, सगळे वाचून राह्यले.” मग, “पोरी कुठं आहेत आता?”

“परत फंक्शन हॉलमध्ये.”

आत त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते पाच मिनिटांत बाहेर आले. म्हणाले, “चला ताई, हॉलवर जाऊ.”

हॉलमध्ये लग्नाची तयारी चालू होती. मुलींचं सामान मागे रचलेलं. खांबांना चुणीदार गुलाबी कापड गुंडाळलं होतं, वर प्लास्टिकची फुलं. सरांनी कोणाला विचारलं नाही. दारापासून सुरुवात केली. भिंत ठोकायची, कान लावायचा, दोन पावलं पुढे. मुली मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरीचा कोणी मामा असावा, तो पुढे आला.

“ओ काका, काय करून राह्यले?”

“पाहून राह्यलो.”

“काय?”

“छत.”

मामांनी वर पाहिलं, मग सतरंजी ओढून वाट मोकळी करून दिली. चार भिंती झाल्या, सहा खांब झाले. कापडावरून आवाज नीट येईना, म्हणून सविता पुढे आली आणि तिने प्रत्येक खांबाचं कापड वर उचलून धरलं. शेवटच्या खांबाला सरांनी तीनदा ठोकलं. टण्ण. खिशातून खडू काढून त्यांनी कापडाखाली, उघड्या सिमेंटवर लिहिलं: ‘दे. नि.’ आणि खाली त्या दिवसाची तारीख. हात झटकले. सविताने कापड सोडलं, चुण्या पुन्हा नीट केल्या.

“झोपा इथं,” ते मुलींना म्हणाले. “लगन झाल्यावर.”

आणि तलमडुगुची बस चुकू नये म्हणून घाईने निघाले. त्यांना घाईत असलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. दारातून बाहेर पडताना चौकटीवर काठी एकदा वाजली.